राजूरचे ‘पाहुणचार’ आणि त्याची ओसरी

मी, श्रीमती लीना माधव पाठक, वय एकोणसत्तर, राहणार राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. वकील श्री. आदिनाथ यांनी मला एक छापील मसुदा दिला होता. तो दोनदा वाचला, तरी त्यातली बाई कोण हे मला कळेना. म्हणून त्यातली आवश्यक वाक्ये घेऊन बाकीचे मी माझ्या शब्दांत लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती माधव पाटबंधारे खात्यात होते. ते आता हयात नाहीत. आम्हाला एकच मुलगा, चि. राजस. तो दुबईला एका मोठ्या हॉटेलात अधिकारी आहे. माझ्या नावावर तीन गोष्टी आहेत: नगरला सावेडीतला फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, आणि राजूरहून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आठ खोल्यांचे हॉटेल ‘पाहुणचार’, जागेसकट. हॉटेल माधवने स्वतःच्या कमाईतून उभारले व आपल्या मृत्युपत्राने मला दिले. त्यात वडिलोपार्जित काही नाही.

२. हॉटेलच्या नावाबद्दल लिहिल्याशिवाय पुढची कलमे समजणार नाहीत.

मी नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. माझ्या मनात ‘लेक व्ह्यू’ हे नाव होते. माधव म्हणाला, “लीना, आपल्याकडून लेक दिसत नाही. मधे डोंगर आहे.” मग त्याने स्वतः पाटी रंगवली: ‘पाहुणचार’. मलाही ते आवडले. त्यात काही चुकते आहे, हे आम्हा दोघा शिकलेल्यांच्या लक्षात आले नाही.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी डोंगरावरच्या वाड्यांतून उतरलेली माणसे ओसरीवर येऊन बसली. पुढे आप्पासाहेब आवारी. जेवले, ताटात हात धुतले, आम्हाला तोंडभर आशीर्वाद दिले आणि निघाले. माधव बिलाचा कागद घेऊन पायरीवर तसाच उभा. मी स्वयंपाकघरात आमच्या स्वयंपाकीण रंगुबाईला विचारले, “अगं, हे असे कसे गेले?”

“आसं म्हंजी कसं?” रंगुबाई म्हणाली. “पाटीवर पाव्हणचार लिवलंय ना तुमी? पाव्हणचाराचं कुनी पैसं घेतं व्हय? खानावळ लिवायचं हुतं मंग.”

माधव दुपारभर पाटीखाली खुर्ची टाकून बसला. संध्याकाळी म्हणाला, “पाटी बदलायची की रीत?” पाटी नुकतीच रंगवलेली होती. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी दुपारी ओसरीवर डोंगरातले पाहुणे जेवतात आणि आत हॉलमध्ये गिऱ्हाईक जेवते. आमटी एकाच पातेल्यातली असते.

त्या सुगीला आप्पासाहेब काळभात तांदळाचे पोते डोक्यावर घेऊन आले. मी नको म्हटले, तर रागावले. “वहिनी, आमी का भिकारी हाय? पाव्हणचार घेतला की फेडायचा आसतो. तुमी आमच्याकडं येत न्हाई, म्हून आमी आनला.”

३. शाळेत सिस्टर फिलोमिना मला दिवसाला दोनच प्रश्न विचारू देत. तिसऱ्याला मागच्या बाकावर पाठवत. हॉटेलात मला कोणी अडवणारे नव्हते. लोक का येतात आणि एकाएकी यायचे का थांबतात, याचे मला फार कुतूहल. माधवला वाटे की सगळे पावसावर आणि सुट्ट्यांवर असते. तसे नाही. दिल्लीत कोणीतरी कांद्याची निर्यात थांबवतो, आणि राहुरी-संगमनेरकडची कुटुंबे त्या वर्षी सहलीला येत नाहीत. नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यांत ओव्हरटाइम बंद झाला की शनिवारच्या खोल्या रिकाम्या राहतात. नोटा रद्द झाल्या, त्या आठवड्यात पुण्याचे एक नवपरिणीत जोडपे खिसाभर पैसे असून चहाला महाग झाले होते. त्यांना मी ओसरीवर बसवले. निवडणुकीची आचारसंहिता लागली की रस्त्यावर गाड्या तपासतात. कुटुंबे येत नाहीत, कार्यकर्ते येतात, आणि त्यांना रात्री रस्सा लागतो. धरणाचे पाणी खाली मराठवाड्याला सोडले की तलावाचा तळ उघडा पडतो, आणि मुंबईची माणसे माझ्याकडे असे पाहतात की जणू पाणी मीच लपवले. खाली तहानलेली माणसे आहेत, हे मी त्यांना सांगते. काहींना ते पटते, काही पैसे परत मागतात. जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हा आमची कार्डे नव्याने छापावी लागली. हे सगळे कुठून निघते आणि माझ्या ओसरीपर्यंत कसे पोहोचते, याचा विचार करण्यात माझे आयुष्य फार मजेत गेले.

एकदा कर खात्याचे एक तरुण अधिकारी नेमके बाजाराच्या दिवशी आले. म्हणाले, “मॅडम, ओसरीवरच्या लोकांची बिलं कुठे आहेत?” मी म्हटले, “ते गिऱ्हाईक नाहीत, पाहुणे आहेत.” त्यांनी पाटी वाचली, ओसरीकडे पाहिले, हॉलकडे पाहिले. “मग मी कोण?” मी म्हटले, “ते तुम्ही ठरवा.” ते हॉलमध्ये जाऊन बसले, जेवले आणि पक्के बिल घेऊन गेले. त्या मुलाबद्दल मला आजही आदर आहे.

दुसरी गोष्ट स्थानिक निवडणुकीची. सभापती निवडायच्या आधी एका पुढाऱ्याने आपले सदस्य फुटू नयेत म्हणून आमच्याकडे आणून ठेवले. त्याला ‘सहल’ म्हणत. फोन काढून घेतलेले, पडदे ओढलेले, दाराशी दोन दांडगे. त्यातले एक सदस्य, गोरक्षनाथ नवले, पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, “बाई, हितं कुठंतरी लई मोठं धरान हाय म्हनं. कोनच्या बाजूला हाय वो?” सहलीला आणलेल्या माणसाला धरण दिसू नये, याचे मला इतके वाईट वाटले की मी रंगुबाईच्या सुनेबरोबर, रेश्माबरोबर, त्यांना मागच्या दाराने टेकडीवर पाठवले. ते पाहून, डोळे पुसून, परत खोलीत जाऊन बसले. मत कोणाला दिले ते मी विचारले नाही. हा एकच प्रश्न मी आयुष्यात गिळला असेन. पुढे ते मंडळींना घेऊन आले, धरण पुन्हा पाहिले, आणि तेव्हापासून येतच आहेत.

४. सावेडीचा फ्लॅट व बँकेतल्या सर्व ठेवी चि. राजस याला द्याव्यात. माधवची दुर्बीणही त्याचीच. लहानपणी तो तिच्यातून उलट्या बाजूने पाहायचा आणि म्हणायचा, “आई, तू किती लांब गेलीस!” आता तो लांब आहे, आणि ते बरोबरच आहे. त्याचे तिथे चांगले चालले आहे.

हॉटेल त्याला का दिले नाही, हे त्याला कळावे. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तो आला होता. एका मोठ्या कंपनीला ही जागा रिसॉर्टसाठी हवी आहे. राजस म्हणाला, “आई, नाव बदलतील, पण तुझा फोटो लावतील. आणि ती ओसरी पाडून रिसेप्शन होईल.”

“मग बाजाराच्या दिवशी माणसे कुठे बसतील?”

“आई, हॉस्पिटॅलिटी हा आता उद्योग आहे. त्यात असं फुकट जेवण बसत नाही.”

“राजस, हॉस्पिटॅलिटीला मराठीत काय म्हणतात?”

तो हसला. उत्तर त्याला येत होते, म्हणून दिले नाही. तो मनाने वाईट नाही. त्याने हिशेब बरोबर केला होता. फक्त लॉकडाउनमध्ये तो इथे नव्हता. तेव्हा रस्त्यावर गाडी नाही, खोल्यांना कुलपे. मी चूल बंद करा म्हटले, तर रेश्मा माझ्यावरच ओरडली, “काकू, पाव्हणं येत न्हाईत म्हून चूल इझवायची? आन् आपुन काय खायचं?” आणि डोंगरातून रोज काही ना काही येत राहिले: तांदूळ, नाचणी, एकदा जिवंत कोंबडी, जिला मी शेवटपर्यंत कापू दिले नाही. आप्पासाहेब लांबूनच ओरडत, “वहिनी, फेडायला आलोय!” त्या दिवसांत हॉटेल मी चालवले नाही, ओसरीने चालवले.

५. शेजारचे श्री. अंगद यांनी आमची रस्त्यावरची बाणाची पाटी रात्रीतून आपल्या ढाब्याकडे वळवली होती. तीन उन्हाळे आमची गिऱ्हाइके त्यांच्याकडे जेवली. तो बाणाचा खांब त्यांना द्यावा. बाण त्यांनी आवडेल तिकडे करावा. मी राग सोडला आहे, पण विसरलेले नाही, हेही त्यांना सांगावे.

६. रंगुबाई गेली, पण तिचा लोखंडी तवा स्वयंपाकघरात आहे. तो रेश्माकडे राहावा. माझी इंग्रजी पुस्तके राजूरच्या शाळेला द्यावीत. कोणी वाचली नाहीत तरी मुलांनी पाने मोजली तरी चालेल.

७. हॉटेल ‘पाहुणचार’, जागा, इमारत, भांडी, पाटी, सर्व काही, सौ. रेश्मा किसन धिंदळे हिला मी देत आहे. ती इथे सून म्हणून आली, तेव्हा तिला फोन उचलायची भीती वाटे. आता बुकिंग तीच घेते, भांडतेही तीच, आणि गिऱ्हाइकाने ‘लेक व्ह्यू रूम’ मागितली तर “डोंगर व्ह्यू हाय, चालंल का?” असे विचारते. हॉटेल विकले जाणार, अशी कुजबुज गावातून तिच्याही कानावर आली आहे. गेले वर्षभर ती मला काही विचारत नाही, पण भांडी जोरात आपटते. मी नसताना आपली चूल राहील की जाईल, हे तिला माहीत नाही.

बाजाराच्या दिवशी ओसरी उघडी ठेवावी, अशी अट घालावी असे माझ्या मनात होते. आदिनाथ वकील म्हणाले, अट घालता येईल. मी चार रात्री विचार केला आणि घातली नाही. अट घालून दिले तर तो पाहुणचार कसला? रेश्माला वाटले तर तिने ओसरी ठेवावी, वाटले तर पाडावी, वाटले तर सगळेच विकावे. तिने काय केले, हे जाणून घ्यायची मला फार उत्सुकता आहे. एवढीच एक गोष्ट मला कळणार नाही.

८. ही मात्र सूचना. काजव्यांच्या दिवसांत बाहेरचे दिवे रात्री बंद ठेवावेत. एका गिऱ्हाइकाने मला विचारले होते, “काजवे किती वाजता सुरू करता?” त्याला हसू नये. त्याला टेकडीवर न्यावे आणि गप्प उभे करावे.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आदिनाथ वकिलांनी करावी. माझी रक्षा धरणात सोडू नये. ते पिण्याचे पाणी आहे. पाटीच्या बाजूच्या आंब्याला घालावी.

ता. क. वरील सर्व लिहून झाले होते. साक्षीदार म्हणून आप्पासाहेब व गोरक्षनाथ आज हॉलमध्ये आले. रेश्मा चहा घेऊन आली आणि पदराला हात पुसून म्हणाली, “काकू, मीबी करते की सही. मला येती आता नीट.”

मी म्हटले, “तू नको.”

तिने ट्रे ठेवला. “आप्पांची चालती, पाव्हण्यांची चालती, माझी न्हाई. व्हय काकू. सम्दं कळलं मला.” आणि ती वळली.

आदिनाथ वकील घाईने म्हणाले, “तसं नव्हे हो. ज्याच्या नावे काही ठेवलंय, त्याने साक्षीदार होऊ नये, असं आम्ही...” आणि त्यांनी जीभ चावली.

आप्पासाहेब हसायला लागले. “वहिनी, मला काय ठिवलंय का ह्यात?”

“नाही.”

“गोरक्षनाथला?”

“नाही.”

“मंग आमी सह्या कराय मोकळं. आन् ही पोरगी न्हाई.” ते रेश्माकडे वळले. “काय गं, आता तरी कळलं का?”

रेश्मा दारातून परत आली आणि ट्रेमधले कप एकेकापुढे ठेवले. मग म्हणाली, “आप्पा, सही झाली की ओसरीवर बसा. आज बाजार हाय. जेवून जायाचं.”

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला जिवंतपणीच मिळाले. ते इथे नोंदवून, हे मृत्युपत्र मी वरील दोघांसमक्ष सही करून पुरे करत आहे. मी सही करताना त्यांनी पाहिले, त्यांनी करताना मी पाहिले.

सही: लीना माधव पाठक

साक्षीदार:
१. आप्पासाहेब रामभाऊ आवारी (सही केली, जेवण ओसरीवर)
२. गोरक्षनाथ सखाराम नवले (सही केली, जेवण ओसरीवर)

स्थळ: ‘पाहुणचार’, राजूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५