पदराच्या गाठीतलं मीठ

आई, काल मी कान्हे गावी मामाकडे जाऊन आले. तुला आवडलं नसतं, म्हणून आधी तेच सांगते.

गेल्या आठवड्यात समाजशास्त्राच्या सरांनी एक सिद्धांत शिकवला. समाजात मुळात दोनच बाजू असतात. गिरण्या, जमिनी, यंत्रं ज्यांच्या मालकीची ते एकीकडे, आणि ज्यांच्यापाशी विकायला फक्त मेहनत आहे ते दुसरीकडे. दोघांचं हित एकमेकांच्या उलट, म्हणून झगडा अटळ, आणि त्या झगड्यातूनच समाज पुढे सरकतो. हे आज आपल्याकडे कितपत लागू पडतं, ते स्वतः पाहिलेलं उदाहरण देऊन लिहायचं होतं. वसतिगृहातल्या मुलींनी भराभर लिहून टाकलं. मला पहिलं पानही पुरं होईना. उदाहरण म्हणून तूच समोर यायचीस, आणि तुला कोणत्या बाजूला बसवायचं ते कळायचं नाही. चुकीचं लिहिलं तर तुझ्यावर अन्याय, आणि तुला सोडून दुसरंच काही लिहिलं तर सरांना खोटं उदाहरण दिल्यासारखं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, एवढ्यावरूनही माझी झोप जाते.

लोणावळ्याची आपली रेल्वेची खोली आठवते. मुंबईत संप लांबलाय आणि मामा, मामी, त्यांचा मुलगा आपल्याकडे राहायला आलेत. रिकामा बसवत नाही म्हणून मामा मला डब्याच्या झाकणावर कोळशानं अक्षरं काढून दाखवतोय. मी शाळेत गेले ती वाचायला शिकूनच, त्याच्यामुळे. तू मात्र रोज सकाळी बंगल्यावर जातेस, धान्य निवडायला, मसाला वाटायला, भांडी घासायला. बंगला ज्या शेठचा, त्याच्याच गिरणीत मामाचा संप. बाबांच्या पगारात एवढी माणसं जेवणार कशी, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

एकदा मामा बोललाच. तू भाकरी थापत होतीस. तो म्हणाला, ज्याच्या गिरनीच्या फाटकापुढं मी उभा ऱ्हायलो त्याचीच भांडी तू घासतीस, लोक मला काय म्हनतील? तू तव्यावरून नजर काढली नाहीस. म्हणालीस, "चूल इझली तर तुजा संप किती दिस टिकंल, दादा?" तो उठून बाहेर गेला. जाता जाता म्हणाला, शेठचं मीठ अंगी लागलंय हिच्या.

हे तुला लागलं. दुसऱ्या दिवसापासून तू बंगल्यावर जेवायचं सोडलंस. दुपारचं जेवण तुझ्या पगारातच धरलेलं होतं, तरी तू घरून भाकरी आणि कांदा न्यायला लागलीस आणि पदराच्या टोकाला चिमूटभर मीठ बांधायला लागलीस. मागच्या पडवीत बसून गाठ सोडायची, भाकरीवर मीठ घालायचं, पुन्हा गाठ मारायची. सुट्टीच्या दिवशी मी तुझ्याबरोबर यायची तेव्हा मला वाटायचं, बंगल्यात मीठ संपलं असेल.

त्या दिवशीही मी होते. शेठाणी पडवीत आली, चांगली गोडीत बोलत होती. भाऊ घरी आहे ना, गावाकडचे आणखी कोण कोण येतात त्याच्याकडे, काय बोलतात, नावं काय. तू म्हणालीस, आमी बायामानसं, आमाला काय ठावं. तिचा आवाज बदलला. म्हणाली, "आमचा मीठ खाते ना तू? एवढा पण नाय सांगणार?" तू हातातलं पातेलं खाली ठेवलंस, हात पुसलेस आणि पदराची गाठ सोडून तिच्यापुढे धरलीस. "पगार घेते, बाई. मीठ माजं हाय."

त्याच दिवशी तुझं काम गेलं. परत येताना तू मला बाजारातून शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिलीस आणि पडवीतलं घरी सांगू नकोस म्हणालीस. संप मिटला तेव्हा मामाला आणि गावाकडच्या काहींना गिरणीनं परत घेतलं नाही. नावं कुणी फोडली यावर कुजबुज सुरू झाली आणि बोट तुझ्याकडे वळलं. नावं मिळाली, शेठचं काम झालं म्हणूनच तिला काढली, असंही कोणी म्हणालं. तेव्हा मात्र मी तुझी ताकीद मोडून मामाला सगळं सांगितलं, मिठासकट. तो म्हणाला, लेकरू आईचंच बोलनार. मग ते सगळे कान्ह्याला निघून गेले. तू एकदाच म्हणालीस, त्या घरचं पानी घिऊ नगंस. तुला ताप आला, तू गेलीस, तेव्हा मामा आला होता. लांब उभा राहिला आणि लांबूनच परत गेला.

काल मी भांडायलाच गेले होते. मामा आता थकलाय. त्याचा मुलगा या महायुद्धामुळे देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला लागलाय. जेवताना तो हसत सांगत होता, पगारवाढीचं विचारलं तर साहेब म्हनला, सरकारचं मीठ खाता अन् तोंड वर करता? "म्या म्हनलं, डबा घरचा हाय, सायेब."

मामाचा हात ताटातच थांबला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तवा तू सांगितलंतंस ना, ते मला तवाच पटलंतं, पोरी." मी म्हटलं, मग? तो म्हणाला, "काडलेली मानसं दारात बसलेली. त्यास्नी कुनाचं तरी नाव पायजे व्हतं. म्या तुज्या आईचं राहू दिलं."

सरांच्या सिद्धांतात हे आहे का, मी शोधते आहे. दोन बाजू असतात हे खरं, आई. डेपोतल्या साहेबाचं वाक्य ऐकल्यावर मला त्यात शंका उरली नाही. तू कोणत्या बाजूची होतीस तेही आता मला लिहिता येईल. पण त्याच बाजूनं तुला दाराबाहेर ठेवलं, हे निबंधात कुठं घालू?

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच पुढचं लिहिते. मामीनं माझं ताट आधीच वाढलं होतं. मी हात लावला नव्हता. मामानं आपल्या ताटातलं मीठ चिमटीत धरलं आणि माझ्या भाकरीच्या कडेला ठेवलं. तीच बोटं, कोळशानं अक्षरं काढणारी. मी उठून यायला हवं होतं. मी जेवले, आई. मीठ लावून जेवले.