कशावाचून काही अडत नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना ही सवय असते.

सकाळी फिरायला गेलो तेव्हा ज्येष्ठ मंडळाच्या सेक्रेटरींनी विषय काढला. घरातल्या कुठल्या आधुनिक वस्तूवाचून तुम्ही राहू शकाल? कुणी टोस्टर म्हणालं, कुणी व्हॅक्यूम क्लीनर. मी म्हणालो, सगळ्या. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे महिनाअखेरीला माझं भाषण ठरवून टाकलं. विषय, ‘कमी वस्तू, जास्त सुख’.

ऑफिसात काटकसर समितीचा अध्यक्ष होतो. वॉटर कूलर मीच काढायला लावला. लोक अजून आठवण काढतात. निरोप समारंभात तर एकाने माइकवरच काढली.

बोलायचं तर आधी करून दाखवायला हवं. बायकोला सांगितलं. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दोरी भरलेली. म्हणाली, बरं. उत्साह कमी वाटला, पण विरोध नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पद्धत ठरली. ऑफिसात जुनं सामान निकालात काढायचो तीच. आधी शेरा मारायचा. मग वस्तू बंद ठेवून बघायची. काही अडलं नाही, तर कायमची काढून टाकायची. बायकोला नीट समजावून सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं. बाई शिकेल असं दिसतंय.

चिकटणारी लेबलं आणली. हिरव्यावर ‘आवश्यक’, लालवर ‘अनावश्यक’. अक्षर माझंच.

वॉशिंग मशीन, लाल. देवाने हात कशाला दिलेत? मिक्सर, लाल. व्हॅक्यूम क्लीनर, लाल. फ्रिज, लाल. गीझर, हिरवं. तब्येतीशी खेळ नको. टीव्ही, हिरवं. जगात काय चाललंय ते कळायला हवं. एसी, हिरवं. झोप नीट झाली नाही तर माणूस त्याग काय करणार? माझी मसाजची खुर्ची ऑफिसने निरोपाला दिली, ती वस्तू नाही, सन्मान आहे. सन्मानाला लेबल लावत नाहीत. इस्त्री विचाराधीन.

बायको म्हणाली, लाल तेवढं माझ्या कामाचं आणि हिरवं तेवढं तुमच्या. योगायोग, म्हणालो. मग तिने उजवं मनगट पुढे केलं. तीन वर्षांपूर्वी पडली तेव्हा आत पट्टी बसवली आहे. म्हणाली, या हाताने पिळणं होत नाही. मी म्हणालो, व्यायाम नाही म्हणून दुखतं. होईल सवय. चर्चा खेळीमेळीत झाली. ती मध्येच उठून गेली.

शनिवार, ८ फेब्रुवारी
वॉशिंग मशीन धाकट्या मेहुणीला देऊन टाकलं. फुकट. त्यागात घासाघीस शोभत नाही.

मेहुणी चार गल्ल्या सोडून राहते, एकटी. साडू गेल्यापासून तिला कुणाची भीडभाड उरलेली नाही. मशीन टेम्पोत चढत होतं तेव्हा म्हणाली, भावजी, ती मसाजची खुर्चीपण टाका, माझी पाठ धरलीये. टेम्पोवाला हसला. हलक्या लोकांच्या तोंडी लागू नये.

सोमवार, १० फेब्रुवारी
घर कसं मोकळं वाटतंय. मशीनच्या जागी आता बादल्या असतात.

कपडे धुवायला बायकोला मदत करणार होतो. पण आधी विचार कागदावर उतरणं गरजेचं. पहिलं वाक्य जमलं, ‘श्रमाला पर्याय नाही.’ खुर्ची मंद स्पीडवर ठेवली की वाक्यं भराभर सुचतात.

शर्टाची कॉलर नीट निघाली नव्हती. बायकोच्या लक्षात आणून दिलं. तिने ऐकून घेतलं. संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
परवापासून फ्रिज बंद. दूध नासलं. दोष दुधाचा.

माझे डोळ्याचे थेंब थंड जागी ठेवावे लागतात हे बायकोने दाखवून दिलं. बाटलीवर लिहिलंय म्हणे. नाइलाज. फ्रिज सुरू केला, फक्त थेंबांसाठी. पण एवढ्या फ्रिजमध्ये बाटली एकटीच वाटते, म्हणून शेजारी माझी पाण्याची बाटली ठेवली. नंतर थोडं आइस्क्रीम. लाल लेबल तसंच आहे. तत्त्व सोडलेलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी
बायको कपड्यांचं गाठोडं बांधून मेहुणीकडे गेली. मशीनवर धुवायला. ही पळवाट आहे, म्हणालो. हो, म्हणाली. बाजू मांडणारी बाई असती तर वाद घालता आला असता.

दुपारी गेली, ती दिवेलागणीला आली. कपडे स्वच्छ. चेहरा तजेलदार. दोघी बहिणी दुपारभर गप्पा मारत बसल्या होत्या म्हणे. आपल्या घरी ती दुपारी काय करते कुणास ठाऊक. विचारायचं राहिलंय.

मिक्सरही तिकडेच पोहोचवला. आपल्याकडे दगडी खलबत्ता आणला. जड आहे, पण टिकाऊ. बायकोने तो डाव्या हाताने उचलून बघितला आणि खाली ठेवला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
आज गावभर माझी चर्चा आहे हे कळलं. बाजारात जो तो माझ्याकडे बघून हसत होता. किराणावाला तर मुद्दाम दुकानाबाहेर आला. भाषणाची बातमी पसरलेली दिसते. मीही सगळ्यांना मान लवून नमस्कार केला.

घरी येऊन शर्ट काढला, तर पाठीवर लाल लेबल. ‘अनावश्यक’. मिक्सर पोहोचवताना काढून खुर्चीवर ठेवलं होतं, तिथून चिकटलं असणार. बायको सबंध वेळ माझ्या मागून पिशवी घेऊन चालत होती. विचारलं, तुला दिसलं नाही? म्हणाली, दिसलं की. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, वाचलं, चूक काही आढळली नाही.

थट्टा असावी. तिला थट्टा जमत नाही. सगळा बाजार हसला आणि ही मुकाट्याने मागून चालत राहिली, याचं मनाला लागलं. रात्री जेवलो नाही. मग आइस्क्रीम खाल्लं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
बायकोचं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा बांधून हात गळ्यात अडकवला. धुणं, कुटणं, उचलणं बंद. नेमकं भाषणाच्या तोंडावर. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, हल्ली डॉक्टर सगळ्यालाच विश्रांती सांगतात. ती म्हणाली, तुम्हाला कुणी सांगायचीही गरज पडत नाही.

मुलीचा फोन आला. तिने विचारलं, बाबा, तुम्ही स्वतः काय सोडलंत? म्हटलं, विचार करून सांगतो. तिने बराच वेळ वाट पाहिली. पिढ्यांमध्ये अंतर पडत चाललंय.

रविवार, २३ फेब्रुवारी
बायको गाठोडं घेऊन मेहुणीकडे गेली. या वेळी गाठोड्यात फक्त तिचे कपडे. हात बरा होईपर्यंत राहीन म्हणाली. एका अर्थी बरंच झालं. भाषणाला एकांत मिळाला.

जाताना तिने गॅस कुठून बंद करायचा ते दाखवलं. मला माहीतच होतं. उजवीकडे फिरवायचा.

बुधवार, २६ फेब्रुवारी
डावीकडे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
भाषण झालं. विचार पोहोचले. इस्त्री कुठे असते ते सापडलं नाही, त्यामुळे शर्ट चुरगळलेला. साधेपणाला शोभला.

बायको आली होती. शेवटच्या रांगेत, हात गळ्यात. मी ‘श्रमाला पर्याय नाही’ म्हणालो आणि सगळ्यांनी वळून तिच्या हाताकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी पाहीना. ‘पत्नीच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं’ हे वाक्य टाळ्यांसाठी ठेवलं होतं. टाळी पडली नाही.

मग प्रश्न. पुढच्या रांगेतून मेहुणी उठली. म्हणाली, भावजी, मशीन माझ्याकडे, मिक्सर माझ्याकडे, ताई माझ्याकडे. तुमच्याकडे एसी, गीझर, टीव्ही आणि अंग चेपणारी खुर्ची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच ना तुमचं तत्त्व? हॉल असा हसला की माइक शिट्टी मारायला लागला. सेक्रेटरींनी आभार मानले, माझे कमी आणि मेहुणीचे जास्त. पुढच्या महिन्यात तिचं भाषण ठेवलंय.

बायको हसली नव्हती. नीट पाहिलं मी. ती हसली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २ मार्च
मोठेपणा माझ्याकडेच आला. मशीन परत आणायचं ठरवलं. साधा हिशेब आहे. मशीन गेलं म्हणून ती मागोमाग गेली. मशीन आलं की मागोमाग येईल.

टेम्पो घेऊन गेलो. मेहुणी भांडेल असं वाटलं होतं. तिने मशीन पुसून, पाइप गुंडाळून तयारच ठेवलं होतं. नवं मागवलंय म्हणाली. मिक्सरही डब्यात घालून दिला.

बायको खिडकीशी बसली होती, डाव्या हातात चहाचा कप. सूज उतरलेली दिसली. मी म्हणालो, चल, टेम्पो थांबलाय. ती म्हणाली, मशीन न्या. मी म्हणालो, आणि तू?

ती शांतपणे म्हणाली, तुमचीच पद्धत आहे ना. वस्तू बंद ठेवून बघायची, काही अडलं नाही तर काढून टाकायची. मी तुमच्यावाचून राहून बघतेय. अजून तरी काही अडलेलं नाही.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. जिन्यात दोनदा थांबलो. मशीन जड होतं.

मंगळवार, ४ मार्च
मशीन सुरू होईना. चारही बटणं दाबून झाली. शेवटी तिला फोन केला. आधी नळ सोडा, म्हणाली. मग झाकण नीट लावा. मग मधलं बटण. आवाज अगदी नेहमीचा. मी विचारलं, पावडर किती घालू? एक चमचा. मग विचारलं, हात कसा आहे? म्हणाली, हे तुम्ही पहिल्यांदा विचारताय. आणि फोन ठेवला.

पहिल्यांदा नसावं. आठवून बघितलं पाहिजे.

शनिवार, ८ मार्च
अंदाज : उद्यापर्यंत येईल. रागाची एक मुदत असते. खलबत्ता माळ्यावर टाकला. सगळी लाल लेबलं खरवडून काढली. खुर्चीवर आज बसलो नाही. दुपारपर्यंत.

रविवार, ९ मार्च
सकाळपासून गॅलरीत उभा होतो. चार गल्ल्या इथून दिसत नाहीत.

नुसतं उभं राहून काय करायचं, म्हणून मशीन लावलं. या वेळी न विचारता. कपडे वाळत घातले. दोन शर्ट, एक पँट, टॉवेल, बनियन. दोरी जवळजवळ सगळीच रिकामी राहिली. चिमटे तर डबाभर उरले.

एवढ्याशा कपड्यांसाठी कुणी मशीन ठेवतं का? मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. हातावर सहज निघाले असते. म्हणजे माझंच बरोबर होतं.

तिला हे सांगायला म्हणून हाक मारत आत गेलो.