बोटभर पट्टी

४ जून

ती. दादास, सा. न.

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाय, विझतच नाही. बाबा शेजारी बसून रस्ता सोडून त्याच्याकडेच बघतात आणि छाती धडधडते म्हणतात. डॉक्टरांनी तर त्यांना जिवाला घोर लावून घेऊ नका म्हणून बजावलंय. तू मेकॅनिक ना, मग काय ते सांग. लोभ आहेच, तो पत्राने कळव.

तुझी ठकी

९ जून

चि. ठकीस, अ. आ.

पिवळा म्हणजे सवडीने बघ, लाल म्हणजे जागच्या जागी थांब. एवढं पाठ कर, झालीस मेकॅनिक. त्या गाडीचा पिवळा दिवा मला ठाऊक आहे, उगाच बोंबलतो. महिन्याभरात येऊन बघतो. तोवर त्यावर नखाएवढी काळी चिकटपट्टी लाव, म्हणजे बाबांचा जीव भांड्यात पडेल.

दादा

२० जुलै

ती. दादास, सा. न.

बाबा गेल्यावर तू चार दिवस राहून गेलास, तेव्हा गाडी का बंद पडली ते मला माहीत नव्हतं.

त्यांच्या छातीत कळ आली म्हणून मी गाडी काढली आणि ती पुलावर बंद पडली, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. काल इथला मेकॅनिक म्हणाला, इंजिनात तेलाचा थेंब नाही, लाल दिवा लागला असणार. मी म्हटलं, नाही लागला. त्याने चावी फिरवली आणि पट्टी सोलली. खाली दोन दिवे होते. पिवळा, आणि त्याला खेटून तेलाच्या किटलीचा लाल.

तू नखाएवढी म्हणाला होतास. पण कडेने उजेड झिरपायचा, बाबा वाकून वाकून बघायचे. म्हणून मी बोटभर लावली. पुलावर कळा सोसताना तेच मला धीर देत होते, की दादाने सांगितलंय ना, काही होत नाही. रुग्णवाहिका आली तेव्हा त्यांचा हात गार पडला होता. दादा, मी मारलं त्यांना.

ठकी

२६ जुलै

चि. ठकीस,

पट्टी किती रुंद लावलीस हे पुन्हा मनात आणू नकोस. लाव म्हणणारा मी. महिन्याभरात येतो म्हणालो आणि आलो नाही. तेल बघायला पाच मिनिटं लागतात गं. लोकांच्या गाड्यांखाली लोळत राहिलो.

आज गॅरेजात एका आजोबांनी पिवळ्या दिव्याचं विचारलं. मी बॉनेट उघडून पुन्हा पुन्हा तेलच बघत राहिलो, शेवटी मालकांनी घरी पाठवलं.

रागाने का होईना, लिहीत जा. भरवसा बाबांनी ठेवला, तो तू ठेवू नकोस. नुसता लोभ ठेव.

दादा