भाचीला नेलेलं कार्ड

आई,

गेल्या दिवाळीत मी भाचीच्या सासरी, महाळुंगे पडवळला गेले होते. तू तिला पाहिलंच नाहीस. दादाची ही धाकटी मुलगी तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी झाली. लग्नानंतरची तिची पहिली दिवाळी, तेव्हा काय न्यावं हा प्रश्न पडला. वहिनी म्हणाली, पाकिटात पैसे घाला, सगळे तेच देतात. मी मात्र पुण्यातल्या एका मोठ्या कापडदुकानाचं गिफ्ट कार्ड घेतलं. त्यात जेवढे पैसे भरलेले असतात तेवढ्याचे कपडे त्याच दुकानातून घ्यायचे, रोख काही हातात येत नाही. वहिनीला ते पटलं नाही. पोरीच्या हातावर प्लास्टिकचं कार्ड काय ठेवायचं, असं ती फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिला कारण सांगणं मला जमलं नाही, कारण सांगायचं तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागली असती.

बोरीच्या आपल्या घरी दर भाऊबीजेला मामा तुझ्या ताटात नोटा टाकायचे. तू त्या कपाळाला लावायचीस आणि दिवे लागायच्या आत त्या आप्पांच्या खिशात गेलेल्या असायच्या. कधी विहिरीवरच्या मोटरीचं काम निघायचं, कधी बियाणं आणायचं असायचं. आप्पा नवरा म्हणून वाईट नव्हते. घरात आलेला पैसा घराचा, एवढंच त्यांना ठाऊक. तुला विचारावं हे त्यांच्या मनातच यायचं नाही. तूही कधी बोलली नाहीस. पण एका वर्षी मामा आल्या आल्या तू त्यांना गोठ्यापाशीच थांबवलंस. मी तिथे वासराला धरून उभी होते. "भाऊ, आवंदा ताटात पैसं नको टाकू," तू हळूच म्हणालीस. "हातातलं पैसं घराचं व्हतं. अंगावरचं लुगडं कुणी मागत न्हाई."

मामा मंचरचे. तिथल्या ओळखीच्या दुकानात त्यांनी पैसे भरले आणि बहीण येईल तेव्हा तिला हवी ती साडी द्या, असं सांगून ठेवलं. पुढच्या बाजाराला आपण दोघी गेलो. मला आत्ताही दिसतंय, तू गादीवर पाय दुमडून बसली आहेस, दुकानदार एकेक घडी मोडतोय आणि तू म्हणतेस, ही नको, दुसरी दाखवा. काठ बारीक पाहिजे. हा रंग नको. तुला कुणालाही इतक्या वेळा 'नको' म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुकानदाराने चहा मागवला, तो तू निवांत प्यायलीस आणि पुन्हा 'नको' म्हणालीस. शेवटी जांभळी घेतलीस. स्टँडपर्यंत पिशवी मी धरते म्हटलं तर तीही देईनास.

तर त्या दिवसामुळे मी कार्ड घेतलं. भाचीचं सासर खात्यापित्या बागायतदारांचं, पण घर मला नवीन होतं. कोण कुणाच्या हातातलं काय काढून घेतं, हे बाहेरून कसं कळावं? स्वयंपाकघरात तिची सासू करंज्या लाटत होती, भाची तळत होती. मी कार्ड दिलं. तिने हात पुसून ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, राग नको मानू. याच्याऐवजी पैसे देशील का? कपडे लई झालेत लग्नातले. मला ड्रायव्हिंगचा क्लास लावायचाय."

मला राग नाही आला, धास्ती वाटली. सासू फडताळातून डबा काढायला वळली तेवढ्यात मी भाचीच्या कानाशी जाऊन विचारलं, पैसे दिले तर ते तुझ्याकडे राहतील का गं? ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला प्रश्नच कळला नव्हता. कळला तो तिच्या सासूला. डबा तसाच हातात धरून ती बाई म्हणाली, "ताई, माझ्या माह्यारचं पैसं एक दिवस बी माझ्याकडं राह्यलं न्हाई. म्हणून लग्नाआधीच सांगितलं मी सगळ्यांना, सुनंच्या पैशाला या घरात कुणी हात लावायचा न्हाई." एवढं बोलून ती पुन्हा लाटायला बसली. करंजी मुडपताना तिने मला विचारलं, गोड बेताचं खाता की जास्त.

आई, किती वर्षांचं काहीतरी माझ्या खांद्यावरून उतरलं म्हणून सांगू. मी तिथेच पाटावर बसून भाचीला फोनवरून पैसे पाठवले. तिचा मोबाइल वाजला, तिने बघितलं, हसली आणि पुढची करंजी कढईत सोडली. कुणी काही विचारलं नाही. कार्ड मी वहिनीला देऊन टाकलं. कशाला, कशाला करत तिने ते घेतलं आणि पुढच्याच रविवारी पुण्याला येऊन संपवलंही.

भाचीने क्लास पूर्ण केला. आता सासूला दवाखान्यात तीच नेते, बाजारालाही तीच. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा मला आणायला मंचरच्या स्टँडवर ती एकटीच गाडी घेऊन आली होती. हायवेला ही ट्रकांची रांग, आणि ही पोरगी एका हाताने आरसा नीट करत मला घरच्या गोष्टी सांगते आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुलाच सांगते. 'छान चालवतेस गं' असं मी तिला म्हणाले खरं, पण घर येईपर्यंत माझे डोळे मिटलेले होते.