सिंधु मोटार रिवाइंडिंग, भोकर

लातूर,
ता. २ फेब्रुवारी २०२५

ती. रामलिंगमामा यांना,

ऋतुजाचा नमस्कार. मामींनाही सांगा.

इकडे सगळे बरे आहेत. शिरूरला तुरीची रास झाली. बाबांचा खोकला गेला, आईचा गुडघा मात्र थंडीत कुरकुरतो. मी आयटीआयच्या वसतिगृहात आहे. इथल्या मेसचं वरण इतकं पातळ असतं, की त्यात बघून वेणी घालता येते. पण उपाशी नाही, काळजी नसावी.

फोन केला असता, पण आमच्याकडचा फोन तुम्ही उचलत नाही. पाकीट निदान उघडाल. आत दोन कागद आहेत. एक दयानंद सरांनी फळ्यावर लिहून दिलेल्या नमुन्यातला अर्ज: ‘मा. मालक यांस, मी इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला शिकत असून, सहा आठवड्यांच्या कामाच्या अनुभवासाठी आपल्या दुकानात संधी मिळावी ही नम्र विनंती.’ त्यावर तुमची सही आणि दुकानाचा शिक्का लागेल. दुसरा कागद हा. मामाला काय लिहायचं, ते सरांच्या नमुन्यात नव्हतं.

भीड भिकेची बहीण, म्हणून सरळच विचारते. सतरा तारखेच्या सोमवारपासून मला दुकानात घ्या. पगार नको. झाडू मारीन, जळक्या तारा छिन्नीनं तोडून काढीन, पण कॉइल भरायला बसवा. राहायला तुमच्या घरी येणार नाही. माझी मैत्रीण पंचशीला भोकरचीच आहे, तिच्या आईनं मला ठेवून घ्यायचं कबूल केलंय.

तुम्ही म्हणाल, लातुरात दुकानं कमी आहेत का? नाहीत. मी फिरले. एकानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सरांनाच विचारलं, ‘‘पोरगी हाय व्हय? मोटार उचलंल का ही?’’ मी म्हटलं, तुमच्याकडं सगळ्या मोटारी हातानंच उचलतात का, ही चेनपुली कशाला टांगलीय मग? झालं, तिथलं काम गेलं. दुसरे चांगले होते. म्हणाले, ‘‘काउंटरला बस बाई, बिलं फाड. सहा आठवडे झाले की कागद देतो तुला, मोटारीला हात लावायची गरजच न्हाई.’’ त्यांच्या मते ती मेहेरबानी होती. सर म्हणतात, दुसरं काही जमलं नाही तर तिथंच तुझं नाव घालतो. म्हणजे अनुभव माझ्या कागदावर येईल आणि हात कोरडेच राहतील. उद्या एखादा माणूस जळालेली मोटार घेऊन आला, तर मी त्याला काय, बिल फाडून देऊ?

मला कॉइल भरता येते, मामा. तुम्हीच शिकवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडं आले की मी दिवसभर दुकानात पाटावर बसलेली असायचे. मोटारीच्या पोटातल्या खाचेत आधी कागद सरकवायचा, मग तार एकेक करून बसवायची, वरून बांबूची पट्टी दाबायची. गिऱ्हाइकं हसायची, तर तुम्ही म्हणायचात, ‘‘हसू नका. हिची बोटं बारीक हायती, माझ्यापेक्षा बरोबर जात्यात खाचंत.’’ तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. आयटीआयच्या फॉर्मवर ट्रेड लिहिताना माझ्या मनात तेच वाक्य होतं.

अकरा वर्षांची होईपर्यंत आले. मग यायचं बंद झालं.

आदर्शदादाच्या निरोपाबद्दल वर काही लिहिलं नाही, ते मुद्दामच. तुमचा मुलगा आहे, पण माझ्याशी नीट बोलतो, म्हणून मी त्यालाच आधी विचारलं होतं, मामा मला घेतील का. त्यानं तुम्हाला विचारलं, आणि तुमचं उत्तर जसंच्या तसं मला सांगितलं. ‘‘आक्काला म्हणावं, हक्कसोडपत्रावर सही कर. पोरीला दुसऱ्या दिवशी पाठव. दुकान तिचंच हाय.’’

आता त्या सहीबद्दल मी लहान तोंडी मोठा घास घेते. आजोबा गेले आणि वावराच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमच्याबरोबर आईचं नाव चढलं. सगळ्या बहिणी ते नाव सोडून देतात, सही करून साडी-चोळी घेऊन परत जातात. आई म्हणाली, ‘‘मी मागत पन न्हाई, सोडत पन न्हाई. वावर तूच कर, पीक तूच खा. माझं नाव तेवढं राहू दे.’’ एवढंच ना? तेव्हापासून भाऊबीजेला आमच्या घरी ताट होतं आणि बसायला कोणी येत नाही. आई ओवाळणीचं ताट तरीही करते. चंद्राला ओवाळते आणि आत जाते.

तो निरोप मी आईला सांगितला. सांगायला नको होता, पण सांगितला. गेल्या रविवारी शिरूरला गेले तेव्हा. मला वाटलं, ती चिडेल, तुम्हाला दोन शब्द बोलेल, माझंही मन हलकं होईल. ती डाळ पाखडत होती. सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, ‘‘कुठाय कागद? आण.’’

मामा, जिनं आठ वर्षं भावकीचं ऐकलं नाही, बाबांचं ऐकलं नाही, ती माझ्या सहा आठवड्यांसाठी उठून पेन शोधायला लागली. ‘‘तुझं काम होतंय ना? मग नाव काय चाटायचंय का मला?’’ असं म्हणाली आणि हसली. ते हसू मला बघवलं नाही.

मला राग आला. तिचा आला, माझा आला, आणि सगळ्यात जास्त तुमचा आला. मी म्हटलं, तू सही केलीस तर मी आयटीआय सोडते. ती म्हणाली, ‘‘लई हट्टी हायेस गं, अगदी माझ्यावर गेलीस.’’ दोघीही जेवलो नाही. सूप तसंच पडलं, कोंबड्यांचं मात्र साधलं.

त्यानंतर मी भोकरला येऊन गेले. पंचशीलाच्या घरच्यांना भेटायचं होतं, खोलीचं बोलायचं होतं. पण खरं म्हणजे तुमच्यासमोर उभं राहून भांडायचं होतं. दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यापर्यंत आले. तुम्ही आत पाठमोरे बसला होता, केस पिकलेत तुमचे. बाहेर मोटारी ओळीनं पडलेल्या, शेतकरी घाई करत होते. मी पुढं येणार, तेवढ्यात वर लक्ष गेलं.

बोर्ड नवा होता. मला वाटलं होतं, जुना पत्रा गंजून गेला असेल आणि तुम्ही दुसरं नाव टाकलं असेल. मामींचं, आदर्शदादाचं, देवाचं. नवीन पिवळ्या पत्र्यावर लाल रंगात पुन्हा तेच: सिंधु मोटार रिवाइंडिंग. मी चहावाल्याला विचारलं, बोर्ड कधी केला? म्हणाला, ‘‘औंदाच्या दिवाळीत. रामलिंगशेठनं पेंटरला दोनदा पुसायला लावलं. अक्षर बारीक झालंय म्हनले, मोठं काढ.’’

मी चहा अर्धा टाकून परत आले. भांडायला आलेल्या माणसाला असं रडू येणं बरं दिसत नाही.

आजी गेल्यावर आईनं तुम्हाला कडेवर वाढवलं, म्हणून दुकानाला तिचं नाव दिलंत, हे मला ठाऊक आहे. ते आठ वर्षं रागात असूनही तुम्हाला पुसता आलं नाही. मग वावरावरचं तेवढंच नाव तिनं स्वतःच्या हातानं पुसावं असं का म्हणता? तुमच्या हातून होत नाही ते तिच्याकडून का करून घेता?

मी उत्तराची वाट बघत नाही. सतरा तारखेच्या सोमवारी सकाळी शटर उघडायच्या आधी दारात असेन. अर्जावर सही करायची नसेल तर तोंडावर सांगा, गिऱ्हाइकांसमोर सांगा, मी मुकाट परत जाईन आणि लातुरात बिलं फाडीन. पण आत घेतलंत, तर पहिल्या दिवसापासून मला पाटावर बसवा. माझी बोटं अजून बारीकच आहेत.

हे पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, ‘‘राम्याला जवसाची चटणी लागती. बरणी भरून देते, घेऊन जा.’’

तेव्हा चटणी आणीन. सही आणणार नाही.

तुमच्या दुकानावर जिचं नाव आहे,
तिची मुलगी,
ऋतुजा