एका शब्दाचं कूळ आणि ह्यांचा खिसा

प्रिय शाईबाटली,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण चालतात. हे मजेत आहेत. जरा जास्तच मजेत, म्हणूनच हे पत्र.

परवा ह्यांचा कोट लाँड्रीत द्यायचा म्हणून खिसे तपासले (तपासावेच लागतात, मागे चष्मा धुऊन आला होता). आत एक चिठ्ठी, तिच्यावर फ्रेंचमध्ये एकच शब्द: 'जालूझी'. आपल्या फ्रेंचच्या सिस्टरांनी तो शिकवला होता. मत्सर. (तू माझ्या रिबिनीकडे टक लावून बघत होतीस, तेव्हा उदाहरण म्हणून.) अडतीस वर्षं संसार केलेल्या माणसाच्या खिशात मत्सर? कोणाचा? विचारलं, तर म्हणाले, "अगं, सुतारकामाचं आहे ते." सुतार फ्रेंच कधीपासून बोलायला लागले?

तडक वाचनालय गाठलं. (माझा कोश कुठे आहे, ते तुला ठाऊक आहेच.) ग्रंथपाल बाईंनी उशीएवढा कोश काढून दिला आणि मी शिंकत शिंकत शब्दाचं कूळ शोधलं. मुळात ग्रीक, अर्थ आवेश, उत्कट ओढ. मग लॅटिन, मग फ्रेंच मत्सर. आणि त्याखाली बारीक अक्षरात दुसरा अर्थ: खिडकीची तिरप्या पट्ट्यांची झडप, जिच्यातून आपल्याला बाहेरचं दिसावं, पण बाहेरच्याला आपण दिसू नये. म्हणजे बघ, ओढीतून संशय आणि संशयातून खिडकी! सिस्टर असत्या तर किती हसल्या असत्या. माझे डोळे भरून आले. ग्रंथपाल बाईंना वाटलं, धूळ गेली.

घरी आले, तर खरंच एक सुतार स्वयंपाकघराच्या खिडकीला झडप बसवत होता. "तुझ्या साठीची भेट," हे चक्क लाजले. मी विरघळले. दोघांना चहा दिला. संशय घेतल्याबद्दल ह्यांची माफीही मागितली (मनातल्या मनात).

तुझीच,
टोकदार पेन्सिल

ता. क. झडप झक्क आहे. कोपऱ्यावरून कोण येतं, सगळं दिसतं.

ता. क. २. चहा ओतताना आठवलं. चिठ्ठीतल्या 'आय' ह्या अक्षरावर टिंबाऐवजी पोकळ गोल होता. असा गोल काढते म्हणून सिस्टरांनी अख्ख्या वर्गात एकाच मुलीच्या बोटांवर पट्टी मारली होती. तुझी बोटं आता कशी आहेत?

ता. क. ३. माझा कोश चव्वेचाळीस वर्षं तुझ्याकडे आहे. तो घेऊन गुरुवारी चारला ये. ह्यांना मी सांगितलंय, गुरुवारी मी दिवसभर बाहेर आहे. (असेन झडपेआडच.)