माइक गेलेला फोन

४ मार्च, मंगळवार. सकाळ.

ही गेली. बहिणीकडे, आठ दिवसांसाठी. मेहुणीला कुठल्याशा हॉस्पिटलच्या पडद्यांची ऑर्डर मिळाली आहे आणि शिवायला हात कमी पडताहेत. आमच्या घरात आजवर एक पडदा सरळ लागलेला नाही आणि ही आता हॉस्पिटलचे शिवणार. तिथली माणसं आधीच आजारी आहेत.

भांडण वगैरे काही झालेलं नाही. मी फक्त म्हणालो की तू असलीस काय नि नसलीस काय, घर चालतं ते माझ्या शिस्तीवर. ती गप्प बसली, म्हणजे पटलं असणार. पिशवी मात्र मोठी नेली.

सोबत माझा जुना फोन दिला आहे. कोपऱ्यात तडा गेलाय, बाजूचं बटण दाबलं की आत जाऊन बसतं आणि माइक गेलेला आहे. पलीकडचं ऐकू येतं, आपलं पलीकडे जात नाही. मुलगा परगावाहून म्हणाला, बाबा, बोलताच येत नाही असा फोन आईला कशाला देताय? मी म्हणालो, तिला ऐकायचंच तर आहे.

त्याच दिवट्याने तिकडे बसून माझ्या कम्प्युटरवर प्रोग्रॅम घातला आहे. तिचा फोन माझ्या स्क्रीनवर जसाच्या तसा दिसतो. माउस म्हणजे माझं बोट. फोन तिच्याकडे, कारभार माझ्या टेबलावर. खोट एकच. दर वेळी जोडताना पलीकडे प्रश्न उमटतो, परवानगी द्यायची का? कुणीतरी ‘हो’ दाबावं लागतं. म्हटलं, हे काढून टाक. म्हणाला, निघत नाही. याच्या शिक्षणावर आम्ही पोटाला चिमटा काढला.

हिला बजावून ठेवलं आहे, विचारलं की हो दाब, बाकी कशाला हात लावू नकोस.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

दुरून चालवणं मला नवीन नाही. पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये जन्म गेला. बटण दाबायचं, लांबच्या टाकीवरचा व्हॉल्व्ह उघडायचा, निम्म्या गावाला पाणी. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाच्या हाती एवढा कारभार उगीच देत नाहीत.

त्या टाकीवर व्हॉल्व्हमन म्हणून आमचे साडू होते. तेव्हा साडू नव्हते, त्यांचं लग्न मी जुळवलं. ती माझी चूक. बटण दाबल्यावर मी खात्रीसाठी फोन करायचो, ते जरा वेळाने उलट फोन करून सांगायचे, उघडला साहेब. एवढ्यासाठी पगार. उरलेला वेळ एकट्याने पत्ते लावत बसायचे. आता बायको शिवते आणि हे घरात बसून असतात. हीसुद्धा तिथे राहून काय शिकेल, देव जाणे.

५ मार्च, बुधवार.

पहिल्या झटक्यात जोडलं. परवानगी लगेच मिळाली. याला म्हणतात धाक.

कामं केली. १. फोनच्या पडद्यावर माझा फोटो लावला, निवृत्तीच्या समारंभातला. २. पहाटे पाचचा गजर लावला. तिकडे सगळे लोळत असणार. ३. फोनमधल्या वहीत सूचना टाइप केल्या. लवकर उठावे. जास्त बोलू नये. शिवताना चष्मा लावावा.

खाली एक शब्द उमटला. ‘बरं.’

आजवर हिने मला एका शब्दात उत्तर दिलेलं नाही. माइक गेलेला फोन प्रत्येक घरात असावा.

७ मार्च, शुक्रवार.

दूध उतू गेलं. मी तिच्या फोनची अक्षरं मोठी करत होतो. भांडं चुकीचं आहे, बूड पातळ. ते हिनेच आणलेलं.

खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात म्हणाल्या, काका, वहिनी नाहीत वाटतं, शर्ट उलटा घातलाय. मी म्हणालो, मुद्दाम घातलाय. बायकांना दुसऱ्याच्या घरात डोकवायला शर्टाची शिवणसुद्धा पुरते.

निश्चय : उद्यापासून कपडे आदल्या दिवशी काढून ठेवणे.

९ मार्च, रविवार.

गंभीर प्रकार. तिच्या फोनवर पत्त्यांचा खेळ सापडला. एकट्याने लावायचा डाव. अर्धा खेळून तसाच ठेवलेला. जी बाई पत्त्यांना रिकामटेकड्यांचा धंदा म्हणायची, ती. साडूंची संगत, दुसरं काय.

तत्काळ काढून टाकला. वहीत लिहिलं, असले प्रकार चालणार नाहीत.

उत्तर : ‘बरं.’

१० मार्च, सोमवार.

खेळ परत आला आहे.

काढणार होतो. पण बदामाची दश्शी उघडी पडलेली आणि शेजारी इस्पिकचा गुलाम रिकामा बसलेला. लाल दश्शी काळ्या गुलामावर जाते हे आंधळ्यालाही दिसेल. हिला दिसलं नाही. मी माउसने उचलून ठेवली, केवळ चूक सुधारावी म्हणून. मग खालचं पान उघडलं. किलवरची राणी.

मी हात मागे घेतला. जरा वेळाने राणी आपोआप उचलली गेली आणि राजावर जाऊन बसली. बरोबर चाल. मी खुर्चीत सरळ बसलो.

१२ मार्च, बुधवार.

आठ दिवस संपले. आली नाही.

वहीत लिहिलं, मुदत संपली. उत्तर आलं, ‘ऑर्डर वाढली.’ मी तिच्या कॅलेंडरात ‘घरी परत’ अशी नोंद घातली, रोज सकाळी नऊला घंटी वाजेल अशी. पाण्याच्या खात्यात मी याहून मोठे अडेलतट्टू वठणीवर आणले आहेत.

दुपारी डाव लागला. पूर्ण. शेवटचा राजा तिने माझ्यासाठी ठेवला होता. तसाच पडू दिला, मी हलवेपर्यंत. बाईच्या मानाने समज बरी आहे.

१५ मार्च, शनिवार.

आता रोज तीनला बसतो. एक पान मी, एक पान ती. मी चुकलो तर ती काही म्हणत नाही, ते पान नुसतं परत जागेवर ठेवते. प्रत्यक्षात असती तर ऐकवलं असतं, गादीखालच्या फळ्या सरकवताना ऐकवलं तसं. लग्नापासून आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम म्हणजे एक कपाट सरकवणं आणि ती गादी. दोन्ही वेळा बोलणं बंद झालं होतं.

मुलाचा फोन आला. म्हणाला, आईशी बोललात का? म्हटलं, रोज. तो म्हणाला, कशावरून, म्हणजे कुठल्या फोनवरून? म्हटलं, तू तुझं काम बघ. म्हणाला, ठीक आहे बाबा. या मुलाचा आवाज असा पडतो की समोरच्याला उगीच वाटावं काहीतरी लपवतोय.

अंडी उकडायला ठेवून विसरलो. भांडं गेलं. तेच पातळ बुडाचं. बरं झालं.

१७ मार्च, सोमवार.

योजना पक्की. ही परत आली की तीनची वेळ चालू ठेवायची. ती आतल्या खोलीत फोन घेऊन बसेल, मी बाहेर कम्प्युटरवर. भिंत मधे असली की ती समंजस वागते हे सिद्ध झालं आहे.

वहीत लिहिलं, परत आल्यावरही खेळू. उत्तर आलं नाही. लाजली असेल.

१९ मार्च, बुधवार.

परवानगी नाही.

तीनला जोडलं, नुसतं गोल गोल फिरत राहिलं. साडेतीनला परत, चारला परत. पाचला मी चहा केला आणि प्यायलो नाही.

२० मार्च, गुरुवार.

परवानगी नाही. मुलगा म्हणाला, चार्जर बिघडला असेल. याला सगळ्यात सोपं उत्तर सुचतं.

२१ मार्च, शुक्रवार.

काही झालं तर नाही? तिला मधे चक्कर यायची. आली तरी मला सांगणार कशी, माइक नाही. माइक नाही ही माझी चूक नव्हे, फोन जुना आहे.

मेहुणीकडे फोन करणं मला शोभलं नसतं. जुन्याच फोनवर केला. सकाळी वाजला नाही, दुपारी वाजला. उचलला. पलीकडे अर्थातच शांत.

मी फक्त चार सूचना दिल्या. म्हणालो, घर ठीक आहे. म्हणालो, एक भांडं गेलं, पण जुनं होतं. म्हणालो, रात्री दाराची कडी मी दोनदा बघतो, कारण तू बघायचीस का नाही ते मला कधी कळलंच नाही. म्हणालो, तीन वाजता फार रिकामं वाटतं. म्हणालो, शिस्तीचं मी बोललो ते तसं नव्हतं. शेवटी आवाज बसला. धुळीने होतं असं.

मग फोन ठेवला गेला. माझं बोलून संपल्यावरच.

निश्चय : उद्या जातीने जाऊन फोनची तपासणी करणे.

२२ मार्च, शनिवार. दुपार.

सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर कुणी फिरवाफिरव करायला नको.

दार साडूंनी उघडलं. हातात माझा जुना फोन, त्यावर माझाच फोटो. म्हणाले, या साहेब, चार्जर बिघडला होता, डाव तसाच राहिलाय, चाल तुमची आहे.

मी उंबऱ्यात उभा. मेहुणी आतून म्हणाली, भावजी, पाय पुसून या, पडदे पसरलेत.

म्हणजे गजर यांनी ऐकला. ‘बरं’ यांनी लिहिलं. राणी यांनी राजावर ठेवली. मी विचारलं, आणि ती? म्हणाले, वहिनींनी हा फोन आल्या दिवशीच माझ्याकडे दिला, म्हणाल्या, यात बोलता येत नाही, तुम्हीच ठेवा, मधून मधून ते परवानगी मागतील, देत जा, नाहीतर घाबरतात.

घाबरतात. मी.

तिने दोन-तीन दिवसांत नवा फोन घेतला म्हणे, शिवणाच्या आगाऊ पैशांतून. मुलाला माहीत. मेहुणीला माहीत. मी म्हणालो, नंबर मला का दिला नाही? साडू म्हणाले, तुम्ही मागितला नाहीत.

वर म्हणतात, तुमचा पाचचा गजर चांगला होता साहेब, मी फिरायला लागलो, साखर उतरली. या माणसाला मी मनातून काय काय म्हणालो होतो, आणि माझ्याच गजराने त्याची तब्येत सुधारली.

मी चिडून म्हणालो, पाण्याच्या खात्यातही तुम्ही असेच फुकट बसलात, बटण मी दाबायचो. ते फोन पुसत म्हणाले, साहेब, बटणाची केबल तुम्ही येण्याआधीच कुजली होती. तुमचा फोन आला की मी हाताने व्हॉल्व्हचं चाक फिरवायचो आणि मग उघडला म्हणून कळवायचो. मी म्हणालो, मग सांगितलं का नाही? म्हणाले, तुमचा आवाज इतका खूश असायचा.

खोटारडा माणूस. मी पहिल्यापासून म्हणत आलो.

ती आतल्या खोलीत होती. हिरव्या पडद्यांचा ढीग, चार मशिनं, बायका हसत होत्या, ती मधे. टीप सरळ होती. दुरूनही दिसत होतं. चष्म्यावरून बघून म्हणाली, आलात? गॅस बंद करून आलात ना? मी म्हणालो, फोन तपासायला आलोय. ती म्हणाली, तपासा मग. आणि मशिन सुरू केलं.

घरी चल म्हणायला मी गेलोच नव्हतो.

निघताना साडू जिन्यापर्यंत आले. हळू म्हणाले, काल फोनवर जे बोललात ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगा.

२३ मार्च, रविवार.

कम्प्युटर उघडणार नाही. या प्रकाराशी माझा संबंध संपला.

२४ मार्च, सोमवार. तीन वाजता.

प्रोग्रॅम कायमचा काढून टाकण्यासाठी उघडला. परवानगी लगेच मिळाली.

जुना डाव समोर होता. खाली वहीत टाइप केलं, ती कधी येणार ते विचारून सांगा. साडूंनी बराच वेळ लावला, एका बोटाने टाइप करतात. मग उमटलं, ‘खाली नंबर लिहिलाय, तुम्हीच विचारा. आधी चौकटचा गुलाम हलवा, अडलाय.’

गुलाम हलवला. त्यांच्यासाठी नाही, खरंच अडला होता.

२५ मार्च, मंगळवार.

नंबर लावला. यावर परवानगी वगैरे काही विचारत नाही, सरळ वाजतो. अत्यंत घाईघाईने बनवलेली यंत्रं आहेत ही. काय बोलायचं ते मी कागदावर काढून ठेवलं होतं, तीन मुद्दे, पहिला तिच्या तब्येतीचा.

तिने उचलला. म्हणाली, कोण?

कागद हातात होता. मुद्दे समोर होते.

परत म्हणाली, कोण बोलतंय? मागे मशिन चालू होतं. मग ते थांबलं.

ती म्हणाली, अहो, तुमचाही माइक गेला का?

मी काही बोललो नाही. तिने ठेवला नाही.